क्रॉनचं वेळापत्रक लिहिताना: पाच रकाने आणि हमखास फसणाऱ्या ओळी

रातपाळी

क्रॉन म्हणजे लिनक्सवर ठरलेल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणारा प्रोग्राम. त्याच्या वेळापत्रकाच्या फाइलमधल्या (क्रॉनटॅबमधल्या) ओळींबद्दलचे प्रश्न इथे वरचेवर येतात आणि उत्तरं दहा धाग्यांत विखुरली आहेत. ती एका ठिकाणी यावीत म्हणून हा धागा. वेळापत्रकाच्या ओळी इंग्रजी अंकांत देतो आहे, म्हणजे तशाच उचलून चिकटवता येतील. आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत, ती टाइप करताना मूळ रोमन रूपातच लिहा.

रकाने डावीकडून असे: मिनिट (०-५९), तास (०-२३), तारीख (१-३१), महिना (१-१२), वार (०-७, त्यात ० आणि ७ दोन्ही रविवार). त्यापुढे जे येईल ती आज्ञा. रकान्यात `*` (स्टार) म्हणजे तिथे काहीही चालेल.

क्रॉन दर मिनिटाला उठतो, घड्याळ आणि कॅलेंडर बघतो आणि ज्या ओळीशी ते जुळेल ती चालवतो. मागच्या वेळी जॉब (त्या ओळीतलं काम) कधी चालला, संपला की अजून चालूच आहे, मधे मशीन बंद होतं का, यातलं काहीही तो लक्षात ठेवत नाही. म्हणजे ही ओळ "दर इतक्या वेळाने" असं सांगत नाही, "घड्याळ असं दिसेल तेव्हा" एवढंच सांगते. हे एकदा नीट बसलं की पुढच्या बहुतेक गोष्टी आपोआप उलगडतात.

`* 2 * * *`

रात्री दोनचा बॅकअप म्हणून लिहिलेली ही ओळ २:०० ते २:५९ पर्यंत साठ वेळा चालते, कारण कुठलंही मिनिट तिला चालतं. एकदाच हवं तर `0 2 * * *`. ओळ लिहून झाली की डावीकडून बघा: तासाचा आकडा दिला असेल तर मिनिटात स्टार आहे का? तारीख किंवा वार दिला असेल तर तासात स्टार आहे का? असेल तर तो तिथे मुद्दाम ठेवलाय याची खात्री करा.

आता स्टेप, म्हणजे तिरक्या रेघेपुढचा आकडा. `*/10` ही ०, १०, २०, ३०, ४०, ५० ही यादी लिहायची छोटी पद्धत आहे, बाकी काही नाही. दहाने साठाला पूर्ण भाग जातो म्हणून ते "दर दहा मिनिटांनी" असल्यासारखं दिसतं. `*/7` लिहिलं की ०, ७, १४ करत ५६ येतं आणि चार मिनिटांत पुन्हा ०. `*/45` म्हणजे ० आणि ४५, म्हणजे एकदा पाऊण तासाने आणि एकदा पंधरा मिनिटांनी.

तारखेच्या रकान्यातला `*/2` असाच फसवा. तो १, ३, ५ असं करत ३१ पर्यंत जातो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा १ पासून. ३१ दिवसांच्या महिन्याअखेरीस जॉब लागोपाठ दोन दिवस चालतो. खरंच दिवसाआड हवं असेल तर ओळ रोजची ठेवा आणि स्क्रिप्टमध्ये १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांना ८६४०० ने भागून आलेली पूर्ण संख्या सम आहे की विषम ते पाहा.

निळी_शाई

दर दीड तासाने एक सिंक (दोन ठिकाणचा डेटा जुळवणारं काम) चालवायचं आहे. `*/90 * * * *` दिलं, ओळ स्वीकारली गेली, पण तासाला एकदाच चालतंय.

घाटमाथा

मिनिटांची यादी ५९ ला संपते. नव्वदच्या उड्या मारताना त्या यादीत फक्त ० सापडतो, म्हणून दर तासाच्या ठोक्याला एकदा. एरर येत नाही हीच पंचाईत. दोन ओळी द्या:

`0 0-21/3 * * *`
`30 1-22/3 * * *`

पहिली ०, ३, ६ … २१ वाजता, दुसरी १:३०, ४:३० … २२:३० ला. दिवसाला सोळा वेळा, आणि मध्यरात्री ओलांडतानाही अंतर दीड तासाचंच राहतं, कारण १४४० मिनिटांना ९० ने पूर्ण भाग जातो. ५० मिनिटं हवी असती तर ही युक्ती चालली नसती. तिथे सिस्टिमडीचा (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेचा) टायमर घ्यावा. त्यात "मागच्या वेळी सुरू झाल्यापासून ५० मिनिटांनी" असं सरळ सांगता येतं (ऑनयुनिटॲक्टिव्हसेक).

सांजवेळ

महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी ९ ला अहवाल जायला हवा. `0 9 1-7 * 1` बरोबर आहे ना? तारीख १ ते ७ आणि वार सोमवार.

रातपाळी

नाही. तारीख आणि वार या दोनच रकान्यांचं नातं वेगळं आहे. दोन्हींत आकडे दिले की क्रॉन "किंवा" धरतो, बाकी सगळीकडे "आणि". जून २०२६ घ्या. १ तारखेला सोमवार आहे. तुमची ओळ १ ते ७ रोज चालेल आणि शिवाय ८, १५, २२, २९ या सोमवारीही. अकरा अहवाल जातील.

उपाय असा की एक अट वेळापत्रकात ठेवायची आणि दुसरी आज्ञेत तपासायची:

`0 9 1-7 * * [ "$(डेट +\%यू)" = 1 ] && /ऑप्ट/अहवाल.एसएच`

डेटचा छोटा यू सोमवारला १ आणि रविवारला ७ देतो. टक्क्याच्या आधीचा उलटा तिरका दांडा गाळू नका, त्याचं कारण पुढे येईलच. दुसऱ्या सोमवारसाठी `8-14`, तिसऱ्यासाठी `15-21`.

महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा प्रश्नही याच जातीचा. `0 23 31 * *` वर्षातून सातच महिन्यांत चालतं. `0 23 28-31 * *` देऊन आज्ञेत "उद्याची तारीख ०१ आहे का" हे तपासता येतं. पण माझं मत असं की महिनाअखेरचं काम शेवटच्या दिवशी ठेवूच नये. `10 0 1 * *` द्या, म्हणजे १ तारखेला ००:१० ला, आणि स्क्रिप्टला मागचा महिना मोजायला सांगा. शेवटच्या तासातल्या नोंदी सुटत नाहीत आणि २८, २९, ३०, ३१ चा घोळ मुळातच राहत नाही. तिमाहीसाठी `10 0 1 1,4,7,10 *`. आपलं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होत असल्याने याच चार तारखा लागतात. वार्षिक काम असेल तर `10 0 1 4 *`.

पिंपळपार

त्या "किंवा"ला एक पोटनियम आहे. व्हिक्सी क्रॉन (क्रॉनचा एक जुना, प्रचलित प्रकार) आणि त्याच्या वंशातले क्रॉन रकान्याचं पहिलं अक्षर स्टार आहे का एवढंच बघतात. तारखेत `*/2` आणि वारात `1` दिलं तर रकाना स्टारने सुरू झाला म्हणून तिथे "आणि" लागू होतं: विषम तारखेचा सोमवार. त्याच तारखा `1-31/2` अशा लिहिल्या की "किंवा" होतं. अर्थ तोच दिसतो, वागणूक वेगळी. याचा फायदा घेऊन `*/100,1-7` सारख्या ओळी लिहिलेल्या सापडतात. त्या चालल्या तरी पुढच्या माणसाला वाचून काही कळत नाही आणि क्रॉन बदलला की मोडतात. तुम्ही दिलेली आज्ञेतली तपासणी लांब असली तरी तीच बरी.

उंबरठा

टर्मिनलवर अगदी नीट चालणारी आज्ञा क्रॉनमधून चालत नाही. डेटाबेसचा डंप घेऊन फाइलच्या नावात आजची तारीख घालतोय. सिसलॉगमध्ये (सिस्टिमच्या नोंदवहीत) ओळ सुरू झाल्याची नोंद दिसते, फाइल मात्र तयार होत नाही.

घाटमाथा

नोंद दिसतेय म्हणजे वेळापत्रक बरोबर आहे, दोष आज्ञेत आहे. तुमच्या बाबतीत पहिला संशय टक्क्यावर.

क्रॉनटॅबच्या ओळीत उघडा टक्का आला की क्रॉन आज्ञा तिथेच तोडतो. पुढचा मजकूर तो त्या आज्ञेला इनपुट म्हणून देतो आणि नंतरचा प्रत्येक टक्का नवी ओळ मानतो. तारखेसाठी तुम्ही डेटला टक्का-एफ दिला असेल, तर शेलच्या (आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) हाती कंस उघडून अर्धवट राहिलेली आज्ञा पडते आणि तो वाक्यरचनेची चूक सांगून थांबतो. अवतरणचिन्हांत घातलं तरी टक्का सुटत नाही. प्रत्येक टक्क्याआधी `\` हवाच. त्याहून चांगलं म्हणजे सगळी आज्ञा एका स्क्रिप्ट फाइलमध्ये हलवा आणि क्रॉनटॅबमध्ये फक्त तिचा पूर्ण मार्ग ठेवा. फाइलच्या आत टक्का नेहमीसारखाच चालतो.

दुसरा संशय पाथवर, म्हणजे ज्या फोल्डरांत प्रोग्राम शोधले जातात त्या यादीवर. लॉगिन केल्यावर तुमच्या प्रोफाइल फाइल्स वाचल्या जातात, क्रॉन त्या वाचत नाही. त्याचा पाथ बहुधा यूएसआर-बिन आणि बिन एवढाच असतो. यूएसआर-लोकल-बिनमधला प्रोग्राम, पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट, एनव्हीएमने बसवलेला नोड, यातलं त्याला काही सापडत नाही. क्रॉनटॅबच्या डोक्यावर पाथची ओळ लिहिता येते, पण तिथे डॉलरची व्हेरिएबल्स उलगडली जात नाहीत. "जुना पाथ आणि त्यात माझा फोल्डर" असं डॉलर घालून लिहिलं तर ती अक्षरं तशीच्या तशी पाथ बनतात. सगळे फोल्डर पूर्ण लिहा.

तिसरा, शेल. क्रॉन आज्ञा एसएच या शेलला देतो. डेबियन-उबंटूवर तो डॅश असतो, बॅश नाही. सोर्स, दुहेरी चौकोनी कंस, ॲरे हे बॅशचे प्रकार तिथे मोडतात. वर शेलची ओळ देऊन बॅश ठरवा.

हे तिन्ही एका झटक्यात तपासायचं तर टर्मिनलवर एन्व्ह -आय वापरून, म्हणजे रिकाम्या वातावरणात, तीच आज्ञा एसएचकडून चालवा. क्रॉनमध्ये येणारी बहुतेक चूक इथेच समोर दिसते. आणि आउटपुट लॉगमध्ये वळवा: आधी `>> लॉगफाइल`, त्यानंतर `2>&1`. क्रम उलटा झाला तर एरर लॉगमध्ये जात नाहीत. त्या मेलने पाठवायचा क्रॉन प्रयत्न करतो आणि मशीनवर मेलची व्यवस्था नसेल तर हरवतात.

पिंपळपार

घाटमाथांच्या यादीत आणखी तीन गोष्टी जोडतो.

एक, ईटीसीमधली क्रॉनटॅब फाइल आणि क्रॉन.डी फोल्डर यांत सहावा रकाना युजरचा असतो. वैयक्तिक क्रॉनटॅबमधली ओळ तिथे तशीच चिकटवली तर आज्ञेचा पहिला शब्दच युजर समजला जातो.

दोन, डेबियन घराण्यात क्रॉन.डेली या रोजच्या स्क्रिप्टच्या फोल्डरमधल्या फाइलच्या नावात टिंब चालत नाही. "बॅकअप.एसएच" नावाची फाइल काहीही न बोलता वगळली जाते, "बॅकअप" नावाने चालते. त्या फाइल चालवणाऱ्या रन-पार्ट्सला टेस्ट पर्याय देऊन कोणत्या फाइल चालणार ते आधी बघता येतं.

तीन, विंडोजवर लिहिलेली फाइल. ओळीच्या शेवटी न दिसणारं कॅरेज रिटर्न येतं आणि ते आज्ञेच्या शेवटच्या शब्दाला चिकटतं. नाव बरोबर दिसत असूनही "फाइल सापडत नाही" अशी एरर आली की आधी हे तपासा. व्हॉट्सॲपवरून आलेली आज्ञा चिकटवताना वळणदार अवतरणचिन्हं आणि लांब डॅश यांचाही असाच त्रास होतो.

आणि क्रॉनटॅब बदलण्यापूर्वी क्रॉनटॅब -एल करून प्रत काढून ठेवाच. बदलासाठीचं ई आणि पुसण्यासाठीचं आर ही अक्षरं कीबोर्डवर शेजारी आहेत, आणि -आर दिल्यावर सहसा काही न विचारता सगळी फाइल जाते. सोबत -आय दिलं तर तो आधी विचारतो.

एडिसनकर

टाइमझोनबद्दल सविस्तर लिहितो, कारण भारतातली टीम आणि बाहेरचे सर्व्हर या जोडीत सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो.

क्लाउडमधली मशीन बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतात. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे. म्हणजे आपले पहाटेचे २ तिथे आदल्या दिवशीचे २०:३०. सोमवार ते शुक्रवार पहाटे २ चा जॉब तिथे `30 20 * * 0-4` असा लिहावा लागतो, रविवार ते गुरुवार. तास बदलायचं सगळ्यांच्या लक्षात राहतं, वार मागे घ्यायचा राहून जातो. मग सोमवारचा जॉब चुकतो आणि शनिवारी नको असताना चालतो.

अर्ध्या तासाचाही परिणाम असतो. यूटीसीवर `0 */6 * * *` म्हणजे आपल्याकडे ५:३०, ११:३०, १७:३०, २३:३०.

महिन्याच्या १ तारखेला पहाटे २ हवे असतील तर यूटीसीत ती मागच्या महिन्याची शेवटची तारीख होते, आणि ती नुसत्या पाच रकान्यांत सांगताच येत नाही. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे काम भारतीय वेळेनुसार ५:३० नंतर ढकला. सकाळी ६ म्हणजे त्याच तारखेचे ००:३०, म्हणून `30 0 1 * *`. तारीखही जुळते, वारही जुळतो.

रेड हॅट घराण्यातल्या क्रोनी या क्रॉनमध्ये क्रॉनटॅबच्या आत "क्रॉन_टीझेड" देऊन एशिया/कोलकाता ठरवता येतो. डेबियनच्या पारंपरिक क्रॉनमध्ये तो चालत नाही, आणि ओळ लिहिली तर तक्रारही येत नाही. कुबरनेटीसच्या (कंटेनर चालवणाऱ्या व्यवस्थेच्या) क्रॉनजॉबमध्ये टाइमझोनचा वेगळा रकाना आहे, आवृत्ती १.२७ पासून तो स्थिर आहे. मशीनचाच झोन बदलला तर क्रॉनची सेवा पुन्हा सुरू करा, नाहीतर ती जुन्याच वेळेवर चालत राहते.

अमेरिकेच्या वेळेवरची मशीन असतील तर उन्हाळी वेळ सांभाळा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथे पहाटे २ चे थेट ३ होतात, त्या दिवशी २:३० येतच नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी १:३० दोनदा येतं. व्हिक्सी क्रॉन आणि क्रोनी हे सांभाळून घेतात: ठरावीक वेळेचा हुकलेला जॉब बदलानंतर लगेच चालवतात आणि दुसऱ्यांदा आलेल्या वेळेला पुन्हा चालवत नाहीत. बाकीचे शेड्यूलर तसं करतीलच असं नाही, म्हणून त्या मशीनवर १ ते ३ च्या मधे महत्त्वाचं काही ठेवू नका. उलट बाजूनेही फरक पडतो. न्यू यॉर्कचा शेअर बाजार तिथल्या ९:३० ला उघडतो, म्हणजे भारतात उन्हाळ्यात १९:०० आणि हिवाळ्यात २०:००. भारतीय घड्याळावर लिहिलेली `0 19 * * 1-5` ही ओळ वर्षातले चार महिने तासभर लवकर चालते.

कोकणकडा

सगळीकडे पाचच रकाने असतात असं समजू नका. जावातला क्वार्ट्झ हा शेड्यूलर सेकंदापासून सुरू होतो, म्हणजे सहा रकाने आणि हवा असल्यास सातवा वर्षाचा. तारीख आणि वार यांतल्या एकात `?` द्यावाच लागतो, त्यामुळे वरचा "किंवा"चा प्रश्न तिथे उद्भवत नाही. पण वारांची मोजणी वेगळी आहे: १ रविवार, ७ शनिवार. लिनक्सवरून उचललेलं `1-5` तिथे रविवार ते गुरुवार होतं. एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउडच्या) इव्हेंटब्रिजमध्येही १ म्हणजे रविवारच, मात्र सेकंद नाहीत आणि सहावा रकाना वर्षाचा. म्हणून वार नेहमी तीन अक्षरी इंग्रजी नावांनी लिहावेत, आकड्यांनी नाही. पहिला सोमवार मात्र क्वार्ट्झमध्ये सरळ सांगता येतो: `0 0 9 ? * 2#1`.

स्प्रिंग या जावाच्याच फ्रेमवर्कमध्ये सहा रकाने, पहिला सेकंदाचा. पाच रकान्यांची ओळ नाकारली गेली म्हणून पुढे एक स्टार जोडला जातो आणि `* 0 2 * * *` तयार होतं. तो जॉब दोन वाजल्यापासूनचं पूर्ण मिनिट दर सेकंदाला सुटतो. पुढे स्टार नाही, `0` जोडायचा.

गिटहब ॲक्शन्सचं शेड्यूल मुळात यूटीसीत, आणि पाच मिनिटांपेक्षा जवळजवळ लावता येत नाही. तासाच्या ठोक्याला तिथे गर्दी असते, त्यामुळे जॉब उशिरा सुटतो, कधी सुटतच नाही. ० ऐवजी १७ किंवा ४३ असं आडवं मिनिट द्या. सार्वजनिक रिपॉझिटरीत ६० दिवस काही हालचाल नसेल तर शेड्यूल आपोआप बंद होतं. जेनकिन्समध्ये गर्दीवरचा उपाय अंगभूतच आहे: आकड्याच्या जागी मोठा एच लिहिला की तो जॉबच्या नावावरून एक ठरावीक मिनिट निवडतो, दर वेळी तेच.

निळी_शाई

दीड तासाचं जमलं, धन्यवाद. आता पुढचं. सिंकला कधीकधी दीड तासाहून जास्त वेळ लागतो आणि दुसरं सिंक त्याच्यावरच सुरू होतं.

रातपाळी

क्रॉनला आधीचा जॉब माहीत नसतो, त्यामुळे अडवणं आपल्याकडे. आज्ञेच्या आधी फ्लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) लावा:

`0 0-21/3 * * * फ्लॉक -एन /वार/लॉक/सिंक.लॉक /ऑप्ट/सिंक.एसएच`

-एन म्हणजे कुलूप मिळालं नाही तर वाट न पाहता बाहेर पड. दोन्ही ओळींत लॉकफाइल एकच असली पाहिजे, नाहीतर त्या एकमेकींना अडवणार नाहीत. आणि त्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी जॉबच्या युजरला हवी.

स्क्रिप्टमध्ये स्वतः पीआयडीची (प्रक्रियेच्या क्रमांकाची) फाइल बनवून तपासण्यापेक्षा हे भरवशाचं आहे. प्रक्रिया मध्येच मेली तर ती फाइल मागे उरते आणि पुढची सगळी सिंक अडतात. फ्लॉकचं कुलूप कर्नल धरतो, ते प्रक्रियेबरोबरच सुटतं. एक काळजी घ्या: सिंकने मागे एखादी पार्श्वभूमीतली प्रक्रिया सोडली तर तिच्याकडेही तेच कुलूप राहतं. आणि सिंक अडकून पडत असेल तर आत टाइमआउट लावा, म्हणजे दोन-तीन तासांनी ते तोडलं जाईल.

कुबरनेटीसवर हेच काम कॉन्करन्सी पॉलिसी "फॉरबिड" करून होतं.

सांजवेळ

शेवटचा प्रश्न. कार्यालयातलं मशीन रात्री बंद असतं. २ चा जॉब हुकला तर सकाळी आपोआप चालेल का? आणि चालला नाही हे कळणार कसं?

पिंपळपार

साध्या क्रॉनमध्ये हुकलेला जॉब गेला. रोजचं किंवा आठवड्याचं काम असेल तर ॲनाक्रॉन वापरा. तो शेवटची तारीख फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि मशीन सुरू झाल्यावर राहिलेलं काम थोड्या वेळाने उरकतो. त्याचं सगळ्यात लहान एकक दिवस आहे, तासांची कामं त्याला जमत नाहीत.

सिस्टिमडी असेल तर टायमर घ्या. ऑनकॅलेंडरमध्ये वेळ द्या आणि "पर्सिस्टंट" खरं करा, की मशीन चालू झाल्याबरोबर हुकलेली एक फेरी होते. पाच रात्री हुकल्या तरी फेरी एकच. तुमचा पहिला सोमवारही तिथे वार आणि `*-*-01..07 09:00` असा एकत्र लिहिता येतो, कारण तिथे दोन्हींमध्ये "आणि" आहे. ओळीच्या शेवटी टाइमझोनही देता येतो. लिहिलेलं बरोबर आहे का हे सिस्टिमडी-ॲनलाइझला कॅलेंडर पर्यायाने विचारा, तो पुढची नेमकी तारीख-वेळ दाखवतो. पुनरावृत्ती पाच सांगितली तर पुढच्या पाच वेळा. महिना बदलताना काय होतं ते तिथेच दिसतं.

न चाललेला जॉब मात्र स्वतः मेल पाठवू शकत नाही, त्यामुळे तपासणी बाहेरून हवी. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत, सगळं यशस्वी झाल्यावरच, एका फाइलला टच करा, म्हणजे तिची वेळ ताजी होते. दुसऱ्या, कायम चालू असलेल्या मशीनवरून त्या फाइलचं वय बघा. रोजच्या जॉबला २६ तासांची मर्यादा ठेवा: २४ तास वेळापत्रकाचे आणि दोन तास जॉबला लागणाऱ्या वेळेतल्या चढउताराचे. तुमचं मशीन रात्री बंद असतं, त्यामुळे फेरी कधी रात्री २ ला तर कधी सकाळी मशीन लावल्यावर होणार. तिथे २६ पुरणार नाहीत, ३४ ठेवा आणि सुट्टीचे दिवस तपासणीतून वगळा.